फ्रेमची मागची बाजू

डोंबिवलीतल्या फ्रेमच्या दुकानातला जुलैचा एक शनिवार

सकाळी साडेनऊ

शटर वर गेलं की देवाला उदबत्ती, आणि लगेच पट्ट्यांकडे. साडेनऊ-दहा फुटांच्या पट्ट्या भिंतीला उभ्या असतात आणि पावसाळ्यात त्यांची रोज हजेरी घ्यावी लागते. लाकूड हवेतलं पाणी पितं. रात्रभर पाऊस कोसळला की सकाळी एखादी वाकलेली निघतेच. एक डोळा मिटून टोकाकडून बघायचं. नुसती वाकली असेल तर लहान तुकड्यांना चालते. पीळ बसला असेल तर बाद. पिळलेल्या पट्टीचा कट कितीही नेमका घ्या, फ्रेम भिंतीवर सपाट बसत नाही.

सिंथेटिक पट्टी, म्हणजे पॉलिस्टायरिनची, पाणी पीत नाही, तिला वाळवी लागत नाही आणि ती स्वस्तही पडते. म्हणून दुकानात तिचाच माल जास्त. पण घासून, पॉलिश मारून पुन्हा नवी होते ती लाकडीच.

दुकान टिळक रोडच्या आतल्या गल्लीत. माणसं दोन, मी आणि चाचा. चाचा मूळचे जौनपूरचे, निम्मं आयुष्य डोंबिवलीत गेलेलं. मी टेप वापरतो, ते अजून सुतात बोलतात. आठ सुतांचा एक इंच. ‘भाऊ, एक सूत सोडा’ हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकू येतं त्याला गणती नाही. काच असो की माउंट, खाचेत घट्ट ठोकून काहीच बसवायचं नसतं.

सकाळी दहा

मशीन सुरू करण्याआधी दोन रद्दी तुकडे कापून गुण्याला लावून बघतो. पातं अर्धा अंश जरी हललं असलं, तरी एका कोपऱ्यात दोन कट मिळून एक अंश चुकतो, चार कोपऱ्यांत चार. तीन कोपरे दाबून बसवता येतात. सगळी फट चौथ्यात येऊन उभी राहते. मग पुट्टी, मग रंग, मग गिऱ्हाईकाचं बोट बरोबर तिथंच.

पहिलं काम १२ बाय १८ चा फोटो, दीड इंची पट्टी. फोटोचा घेर ६० इंच, म्हणजे पाच फूट. गिऱ्हाईक पाच फुटांचा हिशेब मनात धरून येतं आणि बिल बघून भुवया उंचावतं. पण ४५ अंशांत कापताना प्रत्येक टोकाला पट्टीच्या रुंदीइतका जीव जातो. चार बाजू, आठ टोकं, आठ गुणिले दीड. १२ इंच वाढले. झाले सहा फूट. साडेनऊ फुटांच्या पट्टीतून उरले ४२ इंच. त्यात दुसरी १२ बाय १८ निघत नाही. ५ बाय ७ ची एक निघते, तिला ३६ इंच लागतात, आणि सहा इंच भंगारात. काउंटरवर ज्या लहान तयार फ्रेमा मांडलेल्या दिसतात त्या अशा उरल्यासुरल्यातून झालेल्या. आमचा नफा पट्टीत कमी आणि तुकड्यांत जास्त.

कापून झालं की समोरासमोरच्या बाजू पाठीला पाठ लावून उभ्या करायच्या आणि टोकांवरून बोट फिरवायचं. नजरेला न दिसणारा फरक बोटाला कळतो. मग दोन्ही तोंडांना फेविकॉल, आणि पायाच्या मशीनवर खालून व्ही आकाराची पिन. वजनदार सागवानी फ्रेम असली तर चाचा मशीनकडे बघतसुद्धा नाहीत. शिकंजा काढतात, आधी बारीक भोक पाडतात, मग दोन्ही अंगांनी चुका ठोकतात. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे भरले की फ्रेम काटकोनात.

सकाळी साडेअकरा

रामनगरातले एक काका चादरीत गुंडाळून तीन फ्रेमा घेऊन आले. इमारत पुनर्विकासाला गेलीय, महिन्याभरात घर रिकामं करायचंय. हल्ली असं बोचकं आठवड्यातून एखादं तरी येतं. चाळीस-पन्नास वर्षं भिंतीवरून न हललेल्या गोष्टी पहिल्यांदा खाली उतरतात.

“नुसत्या काचा बदलून द्या. बाकी सगळं ठीक आहे,” काका म्हणाले.

“बदलू. पण काका, आधी पाठ बघू द्या.”

गिऱ्हाईक फ्रेम पुढून बघतं, फ्रेमवाला मागून. पाठीवर सगळा इतिहास असतो. काकांच्या आई-वडिलांच्या फोटोमागे देवदाराच्या पातळ फळ्या, त्यांच्यावर खळीनं चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद, गंजून फुगलेल्या चुका. फळ्यांच्या फटीतून हवा आत गेलेली, म्हणून फोटोवर फटीच्या सरळ रेषेत तपकिरी पट्टा उमटलेला. लाकडातलं आणि रद्दी कागदातलं आम्ल वर्षानुवर्षं फोटोच्या कागदाला जाळत राहतं. खालच्या कोपऱ्यात कसरीनं आपला वाटा खाल्लेला. भिंतीची ओल नेहमी खालच्या कोपऱ्यातून चढते.

खरी अडचण पुढे होती. फोटो काचेला चिकटला होता. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो मऊ होतो, काचेला टेकलेला असेल तर धरतो आणि उन्हाळ्यात तसाच वाळतो.

“हा आता सुटायचा नाही काका. ओढला तर चेहरा काचेवर राहील आणि कोरा कागद तुमच्या हातात.”

“मग?”

“काचेसकट स्कॅन करू. त्याची नवी प्रत काढून फ्रेम करू. मूळ फोटो काचेसकट तसाच बांधून देतो, तो टाकू नका.”

काचेला न टेकू देणं हे माउंटचं खरं काम. लोकांना ती शोभेची कड वाटते. जाड पुठ्ठ्याची ती चौकट फोटो आणि काच यांच्यात जेमतेम दीड मिलिमीटर अंतर ठेवते, आणि तेवढं पुरतं.

दुसरी फ्रेम लक्ष्मीची. “रविवर्म्याची असेल का हो?” हा प्रश्न येणारच होता. भिंग लावलं. १८९४ मध्ये गिरगावात सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याची चित्रं दगडावरून छापलेली. त्यांत भिंगाखाली रंगाचे वेडेवाकडे कण दिसतात, एका रांगेत न बसणारे. नंतरच्या ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत, फुलांच्या नक्षीसारखे. काकांची लक्ष्मी शिस्तीतली निघाली. तसं सांगितलं. ते म्हणाले, “असू दे. आईनं रोज हळदकुंकू वाहिलंय तिला.” तेही दिसत होतं, डाग सगळे काचेवर, चित्राला एक नाही.

तिसरा मण्यांचा कृष्ण. काळ्या मखमलीवर ओवलेला, दोन ठिकाणी दोरा कुजलेला. याला चिकटपट्टी, फेविकॉल काही चालत नाही. मखमल नव्या पुठ्ठ्यावर ताणून मागून सुईदोऱ्यानं आडवी-उभी शिवायची. हे काम चाचांनी बिनबोलता बाजूला ओढून घेतलं.

दुपारी एक

डबा खाऊन काच कापायला बसलो. जेवणानंतर हात स्थिर असतो असं चाचांचं मत आहे. कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवायचं, पट्टीला धरून एकाच ओढीत रेघ मारायची. चर्र असा सलग आवाज आला तर रेघ बसली. मध्ये आवाज तुटला तर तिथं काच दगा देणार. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा फिरवायचं नाही. काच वाया जाते आणि कटरही. मग टेबलाच्या कडेवर ठेवून एक हलका दाब.

काचेचा हिशेब वजनाचा. एक चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. २ बाय ३ फुटांची ४ मिलिमीटरची काच साडेपाच किलोंच्या पुढे जाते. म्हणून मोठ्या फ्रेमला मी ॲक्रिलिक सुचवतो. ते निम्म्याहून हलकं आणि सहज फुटत नाही. फक्त कोरड्या फडक्यानं पुसलं की ओरखडे येतात, हे दोनदा बजावावं लागतं.

आज टेबलावर एक वारली चित्र आहे. पालघर २०१४ मध्ये वेगळा जिल्हा झाला. तोवर डहाणू-तलासरी आमच्याच ठाणे जिल्ह्यात, त्यामुळे इकडच्या घरांत वारली पूर्वीपासून. शेणानं सारवलेल्या कापडावर पांढरी रेघ, मूळची तांदळाच्या पिठाची. ती काचेला घासली तर भुकटी होऊन खाली पडेल. इथं माउंटच्या दीड मिलिमीटरनं भागत नाही. खाचेत कडेनं बारीक पट्टी बसवून पाऊण सेंटिमीटर पोकळी ठेवली. कागदावरचं चित्र असतं तर फक्त वरच्या कडेला दोन बिजागऱ्या लावल्या असत्या, पातळ जपानी कागदाच्या, गव्हाच्या खळीनं चिकटवलेल्या. चारही कडा चिकटवल्या की पावसाळ्यात कागद फुगतो, पसरायला जागा मिळत नाही आणि चित्राला लाटा येतात.

दुपारी अडीच

ठाण्याची डिलिव्हरी. दुपारची धीमी लोकल, मालडबा. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर फ्रेम घेऊन डोंबिवली स्टेशनात शिरणं म्हणजे फ्रेम आणि माणूस दोघांनाही घातक. दुपारी डब्यात भाजीच्या पाट्या, माशांच्या रिकाम्या टोपल्या आणि कुरिअरवाले. फ्रेम नेहमी उभी न्यायची, आडवी कधीच नाही. आडवी काच स्वतःच्या वजनानं मधे झुकते आणि एका धक्क्यात तडकते. कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या, काचेवर फुलीत चिकटपट्टी.

ठाण्याहून रिक्षा, मानपाडा. घोडबंदर रोडवरचं ठाण्याचं मानपाडा, आमचं डोंबिवलीचं नव्हे. रिक्षावाल्याला आधीच सांगितलेलं बरं.

दुपारी चार

विसाव्याच्या वरचा मजला. भिंती मायवानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं सलग काँक्रीट. जुन्या विटांच्या घरात खिळा ठोकला की काम होई. इथं खिळा वाकतो आणि भिंतीला नुसता ओरखडा पडतो. हॅमर ड्रिल, ६ मिलिमीटरचं बिट, प्लग, स्क्रू. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचं नाही, वायर तिथूनच गेलेली असते.

घरातल्या वहिनींना फ्रेम बाल्कनीलगतच्या भिंतीवर हवी होती. पश्चिमेची बाहेरची भिंत, संध्याकाळचं ऊन आणि पावसाची झोड दोन्ही तिच्यावर.

“वहिनी, इथं दोन पावसाळ्यांत बुरशी आणि चार उन्हाळ्यांत रंग फिका. आतल्या भिंतीला लावू या का?”

“पण पाहुण्यांना दिसायला हवं ना!”

शेवटी सोफ्याच्या वरच्या आतल्या भिंतीवर तडजोड झाली. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी टेकू चिकटवले, म्हणजे फ्रेम भिंतीपासून जराशी सुटी राहते आणि मागून हवा खेळते. दोन रुपयांच्या वस्तूनं फ्रेमचं आयुष्य वाढतं, पण ती मागता येण्यासाठी माहीत असावी लागते.

संध्याकाळी सहा

परत येईपर्यंत दुकानात दोन कार्यकर्ते छत्र्या निथळत उभे. साडेसातला सावित्रीबाई फुले कलामंदिरात सत्कार, आणि मानपत्र आत्ता छापून आलंय. मजकुरातलं विशेषण शेवटच्या घटकेपर्यंत बदलत असतं. डोंबिवलीत सत्काराला तोटा नाही. पाडव्याची शोभायात्रा १९९९ मध्ये या गावानं सुरू केली, ९० वं साहित्य संमेलन २०१७ मध्ये इथं भरलं; मंडळं भरपूर आणि मानपत्रंही. घाईच्या कामासाठी ठरावीक मापाच्या चौकटी जोडून तयार असतात. काच पुसली, मानपत्र टेकवलं, उलटून पाहिलं तर आत एक चिलट. पावसाळ्यात हे ठरलेलं. पाठ बंद करण्याआधी फ्रेम उजेडासमोर उभी धरून बघितलीच पाहिजे, कार्यकर्त्यांचे फोन कितीही वाजोत.

ते गेले आणि एक मुलगा आला. काही न बोलता मोबाइल पुढे केला. लग्नातला ग्रुप फोटो, मागच्या रांगेत वडील. परवा तेरावं.

“हा व्हॉट्सॲपवर आलेला का? ज्यानं काढला त्याला सांग, डॉक्युमेंट म्हणून पाठव. असा आला की दाबून लहान होतो, मोठा केला की चेहरा फुटतो.”

मूळ फाइल दहा मिनिटांत आली. चेहरा स्वच्छ निघाला. या कामात भाव सांगायचा एकदाच, घासाघीस दोन्हीकडून नाही. आणि फ्रेम उद्या दुपारीच तयार ठेवायची, परवा नव्हे.

रात्री साडेआठ

शेवटचं काम पाठी बंद करण्याचं. हार्डबोर्ड बसवून पिना मारायच्या, मग चारही कडांवर रुंद कागदी टेप सलग ओढायची, कोपऱ्यात एकावर एक चढवून. धूळ, कसर आणि ओल याच फटीतून आत जातात. वरून एकतृतीयांश उंचीवर दोन्हीकडे कड्या. ऑनलाइन फ्रेमा आल्यापासून लोक किंमत फोनवर दाखवतात. मी त्यांना तीच फ्रेम उलटी करून बघायला सांगतो. पाठीला टेप नसते आणि पुठ्ठा लोखंडी जिभांनी अडकवलेला असतो. वर्षभरापुरतं ते ठीक, सर्टिफिकेटला चालेलही. पण एक गोष्ट फुकट सांगतो, मूळ सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका. प्लॅस्टिक एकदा गरम करून चिकटलं की कागद सोडत नाही. फ्रेममध्ये प्रत लावा, मूळ फायलीत ठेवा.

बिलात पट्टी, काच, माउंट, मजुरी एवढंच लिहितो. टेप, रबर आणि सोडलेलं ते एक सूत यांना रकाना नाही. चाचा म्हणतात, हा धंदा उलटाच आहे. पाठ नीट बांधली तर गिऱ्हाईक पंधरा वर्षं दुकानाची पायरी चढत नाही. रोजची कामं येतात ती दुसऱ्या कुणीतरी घाईत बांधलेल्या पाठींची. खरं आहे. पण काका जाताना विचारत होते, नव्या जागेचा ताबा मिळाला की शेजारच्या दोन बिऱ्हाडांच्या फ्रेमा आणू का. त्यांचा नंबर वहीत लिहून ठेवलाय.