उशी गुडघ्याखाली नको, टाचेखाली

कबड्डीत चढाई करताना पाय पिरगळतो किंवा दुचाकी घसरते, गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो. अशा वेळी अनेकदा तुटते ते ‘एसीएल’ हे लिगामेंट. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत रुग्णाच्याच मांडीमागचा किंवा वाटीखालचा टेंडन काढून त्या जागी नवे लिगामेंट बसवतात. रुग्ण घरी येतो आणि घरचे मायेने दुखऱ्या गुडघ्याखाली मऊ उशी सरकवतात. बरे वाटते, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडू लागतो.

मांडी घालून कधी बसता येईल, ही आपल्याकडची पहिली चिंता. सुरुवातीला मात्र पाय पूर्ण सरळ होणे अधिक महत्त्वाचे. शेवटचे थोडे अंश राहून गेले, तरी माणूस लंगडत राहतो. म्हणून टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची, गुडघा अधांतरी सोडायचा आणि आपल्याच वजनाने तो खाली येऊ द्यायचा. पाच-दहा मिनिटे, दिवसातून तीन-चारदा. मागून ताण बसतो, तो बसायलाच हवा.

सुजलेला गुडघा मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारे मज्जातंतूंचे संदेश मंदावतो, आणि मांडी बघता बघता बारीक होते. त्यावरचा व्यायाम अगदी कंटाळवाणा आहे: गुडघ्याने गादी दाबायची, मांडी घट्ट करायची, पाच आकडे मोजून सोडायची. हे जमले की पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. उचलताना गुडघा वाकत असेल, तर पुन्हा गादी दाबण्यावर यायचे.

खरी फसगत होते ती साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. दुखणे थांबलेले असते, कुबड्या कोपऱ्यात गेलेल्या असतात; पण याच काळात बसवलेल्या टेंडनमध्ये नव्या रक्तवाहिन्या शिरत असतात, त्याची जुनी वीण मोडून नवी घडत असते आणि तो सर्वांत कमकुवत असतो. धावणे, उड्या, उकिडवे बसणे तेव्हा नकोच. मैदानावर परतणे नऊ महिन्यांआधी नाही. तेही दोन्ही पायांची ताकद तपासून.

सोबत मेनिस्कस शिवले असेल, तर गुडघा किती वाकवायचा, पायावर भार कधी द्यायचा, हे सारे बदलते. तेव्हा शेजाऱ्याच्या फिजिओथेरपिस्टने दिलेला तक्ता उपयोगाचा नाही. पोटरी दुखून सुजली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ती रक्ताची गुठळी असू शकते. धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठावे.