तेलाची कुपी

दिवाळी आली की घराघरांत तेलाची आठवण निघते. अंगाला तेल, पणत्यांना तेल, चकलीच्या कढईत तेल! माझ्या नाकात मात्र या दिवसांत वेगळ्याच तेलाचा वास भरतो. तो दर्यापूरच्या एका जिनातल्या यंत्रांचा आहे. माझे मामा तिथे फिटर होते आणि शाळेच्या सुटीत मी अमरावतीहून त्यांच्याकडे जाई.

पूर्णेच्या खोऱ्यातला हा मुलूख काळ्या मातीचा, कपाशीचा. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणारी छोटी आगगाडी दर्यापूरला लागून असलेल्या बनोशाच्या स्टेशनावर थांबे. (ती गाडी आता बंद आहे.) हंगाम सुरू झाला की बैलगाड्यांची रांग जिनाच्या फाटकाबाहेर पार रस्त्यापर्यंत लागे.

शहरातल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. शेतातून येतो तो कापूस. त्यातली सरकी काढली की उरते ती रुई. आपल्या बायका पूर्वी घरच्या चरखीच्या दोन रुळांतून कापूस ओढून हेच काम करीत. अमेरिकेत एलि व्हिटनेने १७९४ साली पेटंट घेतले ते तारेच्या दात्यांच्या यंत्राचे. पुढे १८४० मध्ये मॅकार्थीने कातडी रुळाचे यंत्र काढले आणि आपल्याकडे रुजले ते या दुसऱ्या जातीचे. खरबरीत रूळ तंतू धरून ओढतो, त्याला टेकलेले पाते सरकीला अडवते आणि दुसरे, हलते पाते तिला टोले देते. तंतू पलीकडे जातो, सरकी खाली पडते.

आता या सगळ्यात हवेत किती पूस उडत असेल याची कल्पना करा! छताला पूस, पट्ट्यांवर पूस, माणसांच्या भुवयांवरसुद्धा पूस. खांडेनवमीच्या आधी मामा एकेक यंत्र उघडून बसत. ब्रशाने पूस झाडायचा, काळे पडलेले जुने तेल घासलेटाच्या फडक्याने काढायचे, मग कोरड्या फडक्याने पुसायचे. पाण्याचा थेंब लावू देत नसत. आमच्या खारपाणपट्ट्यातले विहिरीचे पाणी लोखंडाला लागले की गंज चढलाच म्हणून समजा. एवढे झाल्यावर कुपी हातात येई. "पयले पुस, मंग तेल दे," हा त्यांचा मंत्र. धुळीवर तेल ओतले की त्याचा लगदा होतो आणि तो पोलादही खातो.

तेल किती, हाही प्रश्नच. कमी पडले तर बेअरिंग तापते. जास्त झाले तर थेंब रुईवर पडतो, आणि डागाळलेल्या रुईचा भाव पडतो. कातडी रुळाला तर थेंबही लागता कामा नये, नाहीतर तो तंतू धरायचाच सोडून देतो. गाठी बांधायच्या प्रेसचा दट्ट्या ते स्वतः पुसत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्यावर कचरा राहिला तर आतले पॅकिंग चिरते, दाब गळतो आणि गाठ ढिली बसते.

१९६८ सालची दिवाळी. मी बारा वर्षांचा. चालू यंत्राला मुलांनी तेल घालायचे नाही, असे १९४८ च्या कारखाने कायद्यात स्पष्ट होते, आणि मामा तो पाळीत. जेवणाच्या सुटीत, यंत्रे बंद असताना, त्यांनी कुपी माझ्या हातात दिली. केवढा मान! पाच यंत्रे मी नीट केली. सहाव्याचे मागचे भोक पुसाने बुजले होते. बाहेर पोरांचे फटाके वाजत होते. मी पुसावरच तेल ओतले आणि पळालो.

ते तेल बेअरिंगपर्यंत गेलेच नाही. पुसाने ते पिऊन टाकले. म्हणजे मी तिथे चांगली भिजलेली वातच घालून ठेवली होती!

यंत्रे सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. मामांना वास आला. "पट्टा काढा! पट्टा काढा!" असे ओरडत ते धावले आणि धुमसणारा बोळा हातानेच ओढून त्यांनी वाळूच्या बादलीत कोंबला. चार हातांवर रुईचा ढीग होता. आत पंचवीस-तीस माणसे, त्यांत सरकी वेचणाऱ्या बायकाही होत्या.

व्यवस्थापक आले. मी खांबाआड उभा होतो.

"माह्याच्यानंच राह्यलं, साहेब," मामा म्हणाले. "मी इसरलो."

आठ दिवसांचा पगार कापला गेला. त्या वर्षी मामीला लुगडे आले नाही. उजव्या तळव्याला फडके बांधून मामांनी डाव्या हाताने आम्हा मुलांना ओवाळणी घातली. मला एक शब्द बोलले नाहीत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला पुन्हा जिनात नेले, आधी फडके दिले, मग कुपी. मी सांगायचे ठरवले होते, पण तोंड उघडले नाही. पुढे कित्येक सुट्या आल्या, गेल्या. मामाही गेले. मामीला अजून ठाऊक नाही. ती नव्वदीची आहे.

गेल्या हंगामात एका नव्या जिनात जाणे झाले. आता दुहेरी रुळांची यंत्रे आहेत, गिअर तेलात बुडालेले असतात, कापूस नळातून वाऱ्याने येतो. रुळांच्या कातड्यात क्रोमियम असते, त्याची धूळ आरोग्याला घातक. म्हणून मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने क्रोमियमविरहित रूळही तयार केले आहेत. हे सारे मला तिथला तरुण फिटर कौतुकाने दाखवीत होता. बोलता बोलता तो एका बेअरिंगपाशी वाकला, खिशातून लहानसा ब्रश काढला आणि तेलाच्या भोकावरचा पूस झाडू लागला.

"तुमचा हात काऊन थरथरते, काका?" त्याने विचारले.

मी म्हटले, "उन्हातून आलो ना."