पंखाखालचा निळा डाग

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. त्यांचे विमान होते ‘पस मॉथ’, एक इंजिनाचे आणि अगदी छोटे. वाटेत अहमदाबादला पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आले होते! टाटांची टपाल-विमानसेवा अशी सुरू झाली खरी, पण पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. मग दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सारा संसार पुण्यास हलवावा लागे. पुण्यात त्यांचा विमानतळ म्हणजे येरवड्याच्या तुरुंगालगतचे एक मैदान.

पाऊस, चिखल आणि डब्यांतले पेट्रोल. अशा वेळी मेकॅनिकला सर्वांत मोठी धास्ती कशाची असेल? पेट्रोलात शिरणाऱ्या पाण्याची. त्या काळी पेट्रोल टाकीत ओतताना मऊ शामॉय कातड्यातून गाळून घेण्याची रीत होती. पेट्रोलने भिजलेल्या त्या कातड्यातून पेट्रोल खाली जाते आणि पाणी वर अडून राहते.

आज पेट्रोल डब्यांतून येत नाही. तरीही पाणी टाकीत शिरतेच. टोपणाचे रबर झिजले, तर पावसाचे पाणी झिरपते. टाकी अर्धी रिकामी असेल, तर वरच्या हवेतील बाष्प रात्रीच्या गारव्यात आतल्या पत्र्यावर दवासारखे जमते. पाण्याची घनता १, विमानाच्या पेट्रोलची सुमारे ०.७२. साहजिकच पाणी तळाशी जाऊन बसते, आणि इंजिनाकडे जाणारी नळीही तळाजवळूनच निघते. मोटारीत असे पाणी इंजिनात गेले, तर गाडी आचके देऊन रस्त्याच्या कडेला थांबते. विमानाला आकाशात कडेला थांबता येत नाही. त्यातही धावपट्टी सोडून विमान नुकतेच वर चढत असताना इंजिन बंद पडले, तर वैमानिकाच्या हाती काही सेकंदच असतात.

म्हणून टाकीच्या सर्वांत खोलगट जागी एक लहानशी झडप बसवतात. तिला ड्रेन व्हॉल्व्ह म्हणतात. सेस्ना १७२ हे शिकाऊ वैमानिकांच्या ओळखीचे विमान. त्याच्या अलीकडच्या नमुन्यांत अशा एकंदर तेरा जागा आहेत. दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी आणि दर वेळी पेट्रोल भरल्यावर वैमानिक पंखाखाली जातो, पारदर्शक पेला झडपेला टेकवून वर दाबतो आणि थोडे पेट्रोल काढून उजेडात धरतो. पाणी असेल, तर ते तळाशी वेगळे दिसते.

पण समजा, पेलाभर निव्वळ पाणीच आले तर? मग वेगळा थर दिसणारच नाही, आणि नवखा विद्यार्थी ‘अगदी स्वच्छ आहे’ म्हणून मोकळा होईल! यावर उपाय म्हणजे रंग. विमानाच्या ‘१०० एलएल’ या पेट्रोलात निळा रंग मिसळलेला असतो. पेल्यात निळी झाक दिसलीच पाहिजे.

आता आपल्या गोष्टीकडे वळू. पुण्यापासून फार लांब नसलेल्या एका हँगरमध्ये मी हे काम जवळून पाहिले आहे. एका विमानाच्या पंखाखाली, झडपेभोवती, रुपयाएवढा निळा डाग पडला होता. थेंब मात्र कुठेच दिसत नव्हता. उन्हाळ्याचे दिवस, पेट्रोल झिरपताच उडून जात होते आणि मागे राहत होता फक्त रंग. शिकाऊ मुलगा म्हणाला, “काका, एवढंसंच तर आहे. वरून एम-सील लावून टाकू का?”

“अरे, मग उद्या पाणी कुठून काढशील?” मेकॅनिक काकांनी विचारले.

मुलगा गप्प. बाहेरून लिंपून टाकले, की गळती थांबेल. पण ज्या कामासाठी झडप बसवली तेही थांबेल.

बरे, ‘एवढंसं’ म्हणजे नेमके किती? घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. औषधाच्या ड्रॉपरने १ मिलिलिटर पाण्याचे थेंब मोजा. सुमारे वीस भरतील. ड्रॉपर कोरडा करून आता गोडे तेल घ्या. थेंब जवळजवळ दुप्पट भरतील! टोकाला लोंबणाऱ्या थेंबाला पृष्ठताण धरून ठेवतो, आणि तेलाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी असतो. पेट्रोलचा तर एक-तृतीयांशाच्या आसपास. म्हणून पेट्रोलचे सुमारे पन्नास थेंब मिळून एक मिलिलिटर होते. (पेट्रोल घेऊन हा प्रयोग मुळीच करू नका, तेलावरून समजते तेवढे पुरे.) मिनिटाला एक थेंब गळाला, तर दिवसाचे १,४४० थेंब, म्हणजे जेमतेम २९ मिलिलिटर. सेकंदाला एक गळू लागला, तर मात्र दिवसाला पावणेदोन लिटर! शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड. ती वर न जाता हँगरच्या जमिनीलगत पसरते आणि ठिणगीची वाट पाहत बसते.

झडपेची रचना स्कूटरच्या ट्यूबमधल्या व्हॉल्व्हसारखी समजा. मधली पिन दाबली, की वाट उघडते. सोडली, की स्प्रिंग ती मिटवते. मिटताना धातूच्या बैठकीवर रबराचे एक कडे दाबले जाते. त्याला ओ-रिंग म्हणतात. वरच्या पेट्रोलचा भारही झडप मिटवायलाच मदत करतो. मग गळती का व्हावी? बहुधा दोनच कारणे. बैठकीवर कचऱ्याचा कण अडकला असेल, नाहीतर रबर म्हातारे झाले असेल.

काकांनी आधी पहिले कारण तपासले. पेला लावून झडप चार-पाच वेळा झटक्याने उघडली-मिटली. पेट्रोलच्या धारेबरोबर कण वाहून गेला, तर दुखणे तिथेच संपते, आणि पुष्कळदा संपतेही. त्यांनी झडप कोरडी पुसून खाली पांढरे फडके बांधले. अर्ध्या तासाने फडक्याच्या बरोबर मधोमध निळा ठिपका उमटला. कडेला, आट्यांपाशी, ओल नव्हती. म्हणजे दोष ओ-रिंगचाच.

ओ-रिंग बदलायला झडप बाहेर काढावी लागते, आणि टाकी तर भरलेली! काही मेकॅनिक इथे एक युक्ती करतात. टाकीचे टोपण आणि हवा जाण्याची नळी बंद करून झटकन झडप बदलायची. भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून तो पालथा केला, तर पाणी सांडत नाही, हे तुम्ही शाळेत पाहिले असेल, तत्त्व तेच. टाकीत २० सेंटिमीटर उंच पेट्रोल असेल, तर तळाशी त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला अवघा १४ ग्रॅम. खालून वातावरण रेटते सुमारे हजार ग्रॅमने. पण हिशेबात एक मेख आहे. आतल्या हवेचा दाब तेवढा उतरायला ती दीड टक्क्याच्या आसपास तरी प्रसरण पावली पाहिजे. टाकीत २० लिटर रिकामी जागा असेल, तर तोवर तीनशे मिलिलिटर पेट्रोल अंगावर येणार. वर ऊन असेल, तर पेट्रोलची वाफ वाढून गळती पुन्हा सुरू. आणि काम झाल्यावर हवेची नळी उघडायची राहून गेली, तर उड्डाणात इंजिनाला पेट्रोल मिळणे बंद होईल. मला ही युक्ती वर्गात समजावून सांगायला आवडते, विमानाखाली करायला नाही.

काकांनीही ती केली नाही. विमान ढकलत बाहेर उघड्यावर आणले. विमान आणि पेट्रोलचे धातूचे पिंप तारेने एकमेकांना व जमिनीला जोडले. वाहत्या पेट्रोलात स्थितिक विद्युतभार साठतो. प्लॅस्टिकच्या बादलीत त्याला वाट मिळत नाही आणि ठिणगी उडू शकते. मग टाकी रिकामी केली आणि पान्याने झडप काढली. जुनी ओ-रिंग नखाने दाबली, तर नख रुतेना. भिंगातून पाहिल्यावर तिच्यावर बारीक चिरा दिसल्या.

नवी ओ-रिंग कुठलीही चालत नाही. सायकलच्या दुकानात पंक्चरला लावतात ते सोल्युशन म्हणजे पेट्रोलसारख्या द्रवात विरघळलेले रबर. साधे रबर पेट्रोलात फुगते, मऊ पडते. त्यामुळे इथे बहुधा नायट्राइल रबर वापरतात. त्याच्या रेणूंत नायट्रोजन असलेले गट असतात, म्हणून पेट्रोलचे रेणू त्यात सहज शिरत नाहीत. पण ऊन, हवा आणि वर्षे यांच्यापुढे तेही कडक होते. (रबराचा ताठरपणा किती महागात पडू शकतो, हे २८ जानेवारी १९८६ रोजी जगाने पाहिले. कडाक्याच्या थंडीत ‘चॅलेंजर’ यानाच्या रॉकेटमधील ओ-रिंग ताठरल्या आणि सात अंतराळवीर प्राणांस मुकले.) काकांनी विमानाच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचीच ओ-रिंग पाकिटातून काढली, बैठक पुसली आणि झडप पुस्तिकेत सांगितली आहे तेवढीच घट्ट केली. जास्त जोर लावला, तर आटे जातात.

मग थोडे पेट्रोल भरून पुन्हा पांढरे फडके. तासाभराने पाहिले, कोरडे. टाकी पूर्ण भरून रात्रभर ठेवली, सकाळीही कोरडे. परवानाधारक अभियंत्याने सारे तपासून विमानाच्या नोंदवहीत सही केली.

मुलगा फडके सोडू लागला. काकांनी त्याच्या हाती पेला दिला. त्याने झडप दाबली, पेला उजेडात धरला आणि बराच वेळ निरखला.

“निळं आहे,” तो म्हणाला, “आणि खाली काही नाही.”