लाळग्रंथीचा कर्करोग: गाठीपासून संकेतांकापर्यंत

लाळ स्रवणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली असतात, आणि त्यांखेरीज टाळू, ओठ, गाल यांच्या अस्तरात शेकडो लहान ग्रंथी विखुरलेल्या असतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातली गाठ कर्करोगाची निघण्याची शक्यता सामान्यतः अधिक असते. कानापुढच्या ग्रंथीतील बहुसंख्य गाठी साध्याच असल्या, तरी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू लागली तर ते लक्षण गंभीर मानावे लागते, कारण चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते.

निदानासाठी बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून घेतात व त्या तपासणीचा अहवाल २०१८ पासून ‘मिलान पद्धती’च्या सहा गटांत मांडता येतो, परंतु पेशी शेजारच्या ऊतीत किंवा नसेच्या आवरणात घुसल्या आहेत की नाही, हे सुईच्या नमुन्यात सहसा कळत नाही, म्हणून अखेरचा निवाडा शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठीच्या तपासणीवरच होतो.

त्यानंतर कर्करोग नोंदणीत दोन प्रश्नांची उत्तरे अंकांत लिहिली जातात: रोग कुठे आहे आणि तो कोणता आहे. आयसीडी-१० या जागतिक वर्गीकरणात कानापुढच्या ग्रंथीच्या कर्करोगाला सी०७, जबड्याखालच्याला सी०८.० आणि जिभेखालच्याला सी०८.१ हे संकेतांक आहेत. मात्र कठीण टाळूवरील लहान ग्रंथीत उद्भवलेला तोच रोग टाळूच्या, म्हणजे सी०५.० या संकेतांकाखाली जातो, त्यामुळे केवळ सी०७ आणि सी०८ मोजणाऱ्याच्या हिशेबातून तो सुटतो. पेशींचा प्रकार आयसीडी-ओ या वेगळ्या सूचीत येतो, जिथे तिरप्या रेषेनंतरचा ० साधी गाठ आणि ३ कर्करोग दर्शवतो: प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा ही साधी गाठ ८९४०/०, आणि तिच्यातूनच उद्भवलेला कर्करोग ८९४१/३.

अहवालात ग्रंथीचे नावच नसेल, तर नोंदणी करणाऱ्याला सी०८.९, म्हणजे ‘अनिर्दिष्ट’, लिहिण्यावाचून गत्यंतर नसते. अशा नोंदी वर्षानुवर्षे साठत जातात: मुंबईत १९६३ पासून आणि ग्रामीण बार्शीत १९८७ पासून लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी चालू आहे. पण लाळग्रंथीच्या कर्करोगासारख्या विरळ रोगात प्रत्येक अनिर्दिष्ट नोंद हे खरे नुकसान आहे, कारण मुळात रुग्णच थोडे असतात.

काळजीपूर्वक केलेली नोंदही ज्ञानाबरोबर बदलावी लागते: २०१० मध्ये स्वतंत्र प्रकार म्हणून वर्णिलेला सिक्रेटरी कार्सिनोमा पूर्वी बहुधा असिनिक सेल कार्सिनोमात गणला जाई, आता ईटीव्ही६ या जनुकाच्या फेरजोडणीवरून तो ओळखता येतो, आणि जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांचे निदानही त्या चाचणीने दुरुस्त करता येते.