लाकडी लेखण्यांवरील सायनोॲक्रिलेट लेप

लाकडी लेखण्यांवरील सायनोॲक्रिलेट लेप ही लेथवर कातलेल्या लाकडी पेनाला टणक, पारदर्शक व चकचकीत आवरण देण्याची पद्धत आहे. यासाठी झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद अनेक पातळ थरांत लावून घोटला जातो. भारतात हा गोंद मुंबईस्थित पिडिलाइट कंपनीच्या 'फेविक्विक' या नावाने घरोघरी परिचित आहे. या लेपाची गुणवत्ता थरांच्या पातळपणावर आणि हवेतील आर्द्रतेवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

१९४२ मध्ये अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर हे बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिकचा शोध घेत होते. तेव्हा तयार झालेली सायनोॲक्रिलेटे प्रत्येक वस्तूला चिकटत असल्याने बाजूला ठेवण्यात आली. १९५१ मध्ये कूव्हर आणि त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांना याच दोषातील उपयुक्तता ध्यानात आली आणि १९५८ मध्ये हा पदार्थ गोंद म्हणून विक्रीस आला. पुढे लाकूड कातणाऱ्या कारागिरांनी त्याचा वापर लेप म्हणूनही सुरू केला.

कातलेल्या लाकडाला लेथवरच चकाकी देण्याची परंपरा भारतात जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी आणि कर्नाटकातील चन्नपट्टण ही गावे लाखकाम केलेल्या लाकडी वस्तूंसाठी प्रसिद्ध आहेत. लाखकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते व लाकडावर पसरते. चन्नपट्टणात ती नंतर केवड्याच्या पानाने घोटतात. लाख उष्णतेने मऊ पडते आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. पेन सतत हातात राहते व त्याला घाम लागतो, त्यामुळे त्यावर अधिक टणक लेप सोयीचा ठरतो.

रासायनिक क्रिया

बाजारातील सामान्य झटपट गोंद मुख्यतः एथिल सायनोॲक्रिलेट या एकवारिकाचा बनलेला असतो. पृष्ठभागावरील व हवेतील पाण्याच्या सूक्ष्म अंशामुळे त्याचे बहुवारिकीकरण सुरू होते, म्हणजेच लहान रेणू जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात व द्रवाचे घन प्लॅस्टिक होते. रंग किंवा व्हार्निश यांप्रमाणे विद्रावक उडून जाण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून एक थर काही सेकंदांत ते मिनिटाभरात घट्ट होतो. थर जाड असल्यास क्रियेत निर्माण होणारी उष्णता साठते व लेपात बुडबुडे किंवा पांढरेपणा येतो.

कृती

पेनासाठी लाकडाच्या ठोकळ्याला छिद्र पाडून त्यात पितळी नळी चिकटवतात. ठोकळा मँड्रेल या दांड्यावर बसवून दोन्ही टोकांच्या बुशांच्या मापाने कातला जातो. लेपाची जाडी लक्षात घेऊन लाकूड बुशाच्या व्यासापेक्षा किंचित कमी ठेवतात.

त्यानंतर १५० पासून ६०० क्रमांकापर्यंतच्या पॉलिश पेपरने लाकूड घासतात. प्रत्येक क्रमांकानंतर लेथ थांबवून लाकडाच्या रेषांच्या दिशेने हाताने घासल्यास आडवे ओरखडे उरत नाहीत. धूळ पुसून काढणे आवश्यक असते, कारण लेपाखाली अडकलेली धूळ नंतर काढता येत नाही. साग व शिसव यांसारख्या तेलकट लाकडांचा पृष्ठभाग ॲसिटोनने पुसतात. लाकडातील तेलामुळे लेपाची पकड कमी होते.

लेथ कमी वेगाने फिरवून, कागदी रुमालाच्या घडीवर घेतलेले गोंदाचे दोन-तीन थेंब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच हालचालीत पसरवतात. सुरुवातीचे थर पातळ गोंदाचे असतात, ते लाकडाच्या रंध्रांत मुरतात. नंतरचे थर मध्यम दाट गोंदाचे देतात. साधारणपणे सहा ते बारा थर पुरतात. गोंद लवकर घट्ट होण्यासाठी ॲक्टिव्हेटरचा फवारा मिळतो, परंतु तो जास्त झाल्यास लेप पांढुरका व ठिसूळ होतो.

शेवटी १५०० ते १२००० क्रमांकांच्या अतिसूक्ष्म घासपट्ट्या पाण्याने ओल्या करून क्रमाने वापरतात. पाण्यामुळे घासताना उष्णता वाढत नाही व बारीक कण वाहून जातात. आधीच्या क्रमांकाचे ओरखडे पूर्ण गेल्यावरच पुढचा क्रमांक घेतला जातो. प्लॅस्टिकच्या पॉलिशने अखेरचा हात दिल्यावर काचेसारखी चकाकी येते. गोंदाने पेनाचा भाग बुशाला चिकटल्यास तो उपटून काढू नये, जोडावर धारदार पात्याने रेघ मारून सोडवावा. ओढल्यास कडेचा लेप उडतो.

हवामानाचा परिणाम

गोंद घट्ट होण्यासाठी हवेतील पाणी लागते, पण त्याचा अतिरेक लेप बिघडवतो. ठाणे खाडीच्या काठावर वसलेल्या कोपरखैरणे या नवी मुंबईच्या उपनगरात पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता बऱ्याचदा ८० टक्क्यांहून अधिक असते. अशा हवेत गोंद पसरवण्यापूर्वीच घट्ट होऊन लेपावर वळ उठतात. गोंदाची वाफ हवेतील पाण्याशी संयोग पावून पांढऱ्या भुकटीच्या रूपात पेनावर बसते.

दमट लाकडाचा प्रश्न अधिक गंभीर असतो. लेप दिल्यावर लाकूड वाळून आकसले तर टणक लेपाला तडा जातो. म्हणून पुरेसे वाळलेले लाकूड वापरणे, त्याचे ठोकळे कोरड्या जागी ठेवणे आणि पावसाच्या दिवसांत थर अधिक पातळ देणे हितावह असते. गोंदाची बाटली घट्ट बंद करून शीतपेटीत ठेवतात, मात्र ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडतात. थंड बाटली उघडल्यास आत दव जमून उरलेला गोंद घट्ट होऊ शकतो.

सुरक्षितता

सायनोॲक्रिलेटची वाफ डोळे, नाक व घसा यांना झोंबते आणि काहींना दम्यासारखा त्रास होतो. सदनिकेच्या बंद खोलीत हे काम करणे धोक्याचे आहे. खिडकी उघडी ठेवून वाफ बाहेर जाईल अशा रीतीने पंखा लावावा. धुळीचा साधा मुखपट्टा वाफ अडवत नाही. तिच्यासाठी सेंद्रिय वाफेची काडतुसे असलेला मुखवटा लागतो.

कापूस किंवा सुती कापडावर हा गोंद सांडल्यास क्रिया अतिशय वेगाने होते, कापड तापून धूर येतो व त्वचा भाजू शकते. म्हणूनच गोंद लावण्यासाठी सुती चिंधी वापरत नाहीत. शिवाय फिरत्या लेथमध्ये कापड गुंतण्याचा धोका असतोच.

बोटे चिकटल्यास ती ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत. पापण्या चिकटल्यास जबरदस्तीने उघडू नयेत, डोळ्यांजवळ ॲसिटोन वापरू नये आणि तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

गुण व मर्यादा

हा लेप पाणी व घाम यांना चांगला टिकतो, लाकडाची नक्षी खुलवतो आणि ओरखडे पडल्यास पुन्हा घोटता येतो. मात्र तो ठिसूळ असल्याने पेन पडल्यास कडेला टवका उडू शकतो, आणि नखांचा रंग काढण्याच्या द्रवातील ॲसिटोनने तो मऊ होतो. हाताला लाकडाचा नव्हे तर प्लॅस्टिकचा स्पर्श जाणवतो, म्हणून काही कारागीर तेल किंवा मेण पसंत करतात. त्यांत लाकडाचा स्पर्श टिकतो, पण तेल-मेणाचा हात पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.