एक एंजिन, दोन मोटारसायकली

पुण्याजवळ चाकण येथे बजाज ऑटोचा मोटारसायकलींचा मोठा कारखाना आहे. ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीशी झालेल्या करारानुसार २०२३ साली या कारखान्यातून दोन मोटारसायकली बाहेर पडल्या. एकीचे नाव स्पीड ४००, दुसरीचे स्क्रॅम्बलर ४०० एक्स. दोघींचे एंजिन एकच. पहिली डांबरी रस्त्यासाठी, तर दुसरी डांबरी रस्त्याबरोबरच थोड्याफार कच्च्या वाटेसाठी. मग प्रश्न असा, की एंजिन तेच असताना कच्च्या वाटेसाठी बदलले तरी काय? आणि त्या बदलांची किंमत काय मोजावी लागते? पैशातली किंमत सोपी आहे. २०२३ साली दुसरीला सुमारे तीस हजार रुपये जास्त पडत. पण निसर्गाचे नियमही आपली किंमत वसूल करतातच. ती कशी, ते आज पाहू या.

आधी नावाविषयी. इंग्लंडात १९२०च्या दशकात ओबडधोबड माळरानावरून मोटारसायकली पळवण्याच्या शर्यती होऊ लागल्या. त्यांना ‘स्क्रॅम्बल’ म्हणत. हातापायांचा आधार घेत धडपडत चढणे, असा त्या शब्दाचा अर्थ. त्या काळी अशा शर्यतींसाठी वेगळी गाडी मिळत नसे. रस्त्यावरचीच गाडी घ्यायची, अनावश्यक भाग काढून टाकायचे, सायलेन्सर वर उचलून बांधायचा, खडबडीत नक्षीचे टायर चढवायचे, की झाली स्क्रॅम्बलर तयार! पुढे शर्यतींसाठी खास हलक्या गाड्या निघाल्या. पण ‘रस्त्यावरची, तरी माळावर जाऊ शकणारी गाडी’ या अर्थाने जुने नाव टिकून राहिले.

एंजिनाचे गणित

या एंजिनात एकच सिलिंडर आहे. त्याचा व्यास ८९ मिमी. आणि दट्ट्याची धाव ६४ मिमी. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहेच. आकडेमोड करा, उत्तर ३९८ घन सेंमी. येईल. नावातल्या ‘४००’चे हे मूळ.

माहितीपत्रकात दोन आकडे ठळकपणे छापलेले असतात : कमाल आघूर्ण, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेत टॉर्क, मिनिटाला ६,५०० फेऱ्यांना ३७.५ न्यूटन-मीटर, आणि कमाल शक्ती मिनिटाला ८,००० फेऱ्यांना ४० अश्वशक्ती. हे दोन आकडे वेगवेगळ्या फेऱ्यांना का? आघूर्ण म्हणजे एंजिनाचा दंड किती जोराने पिळला जातो त्याचे माप. शक्ती म्हणजे हे काम किती झपाट्याने होते त्याचे माप. आघूर्णाला कोनीय वेगाने गुणले की शक्ती मिळते.

मिनिटाला ६,५०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे ६८१ रेडियन. ६८१ ला ३७.५ ने गुणा. सुमारे २५,५०० वॅट, म्हणजे जवळजवळ ३५ अश्वशक्ती. ८,००० फेऱ्यांना ४० अश्वशक्ती मिळते, म्हणजे तेथे आघूर्ण ३५ न्यूटन-मीटरपर्यंत उतरलेले असते. पीळ थोडा कमी झाला, पण फेऱ्या वाढल्यामुळे गुणाकार मोठा झाला.

यातून एक व्यवहाराची गोष्ट समजते. महामार्गावर पुढची गाडी ओलांडताना शक्ती उपयोगी पडते. पण मुरमाच्या चढावर मिनिटाला ८,००० फेऱ्यांनी एंजिन फिरवत कोणी जात नाही. तेथे कमी फेऱ्यांना मिळणारा, एकसारखा पीळ हवा. म्हणून कच्च्या वाटेची गाडी पारखताना ‘किती अश्वशक्ती?’ यापेक्षा ‘कमी फेऱ्यांना एंजिन गचके न देता ओढते का?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

बैलगाडीचे चाक मोठे का?

आता खाली पहा. स्पीडचे पुढचे चाक १७ इंची, स्क्रॅम्बलरचे १९ इंची. हे माप टायर बसतो त्या रिमचे असते. टायरची उंची मिळवली तर स्पीडच्या पुढच्या चाकाची त्रिज्या सुमारे २९३ मिमी. भरते आणि स्क्रॅम्बलरच्या सुमारे ३३१ मिमी. वाटेत १० सेंमी. उंचीचा दगड आला आणि गाडी अगदी सावकाश त्याला भिडली, असे समजा. चाकाच्या आसावर आडवे बल किती लावले म्हणजे चाक दगडावर चढेल?

कागदावर वर्तुळ काढा. दगडाच्या कडेपाशी चाक टेकते तो बिंदू आणि वर्तुळाचा मध्य जोडा. या बिंदूभोवती चाकावरचा भार त्याला मागे ढकलतो, तर आडवे बल पुढे. दोघांची आघूर्णे सारखी मांडली की उत्तर मिळते. २९३ मिमी. त्रिज्येच्या चाकाला पुढच्या चाकावरील भाराच्या सुमारे १.१४ पट बल लागते, ३३१ मिमी. त्रिज्येच्या चाकाला सुमारे १.०३ पट. म्हणजे मोठ्या चाकाचे काम सुमारे दहा टक्के कमी बलात भागते. (येथे टायर टणक आहे असे धरले आहे. खरा टायर दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात काम आणखी सोपे होते.)

चाकोरीतून आणि दगडगोट्यांतून जाणाऱ्या बैलगाडीला आपल्या पूर्वजांनी एवढी मोठी चाके का लावली, हे आता वेगळे सांगायला नको. मग पुढचे चाक आणखी मोठे का केले नाही? कारण मोठे चाक जड असते. ते फिरत असताना त्याची दिशा बदलायला जास्त जोर लागतो. घाटातल्या वळणावर छोट्या चाकाची गाडी चटकन झुकते, मोठ्या चाकाची जरा सावकाश. १९ इंच ही दोन गरजांमधली तडजोड आहे.

पडल्यावर थांबायचे किती अंतरात?

स्पीडची चाके खालीवर होण्याची मोकळीक पुढे १४० मिमी. आणि मागे १३० मिमी. आहे. स्क्रॅम्बलरची दोन्हीकडे १५० मिमी. एवढ्याशा फरकाने काय होते?

वाटेत ३० सेंमी.ची पायरी आली आणि दोन्ही चाके एकदम खाली टेकली असे धरू. ३० सेंमी. पडताना मिळालेला वेग शॉकॅब्सॉर्बरला आपल्या मोकळिकीत शून्यावर आणायचा आहे. गतीची समीकरणे वापरली तर सोपे उत्तर येते : सरासरी मंदन = गुरुत्वत्वरण × पडण्याची उंची ÷ थांबण्याचे अंतर. १५० मिमी.त थांबले तर मंदन गुरुत्वत्वरणाच्या दुप्पट होते. १३० मिमी.त थांबले तर २.३ पट. प्रत्यक्षात स्वार बसल्यावर स्प्रिंगा आधीच थोड्या दबलेल्या असतात, म्हणून खरे आकडे यापेक्षा मोठे असतात. पण तत्त्व तेच. झेल घेताना आपण हात मागे नेतो ना? तेच काम येथे स्प्रिंग करते. आणि स्प्रिंगेने साठवलेली ऊर्जा परत उसळू नये म्हणून शॉकॅब्सॉर्बरमधले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते. उसळी तेथे उष्णतेत विरते.

या सोयीची किंमत मात्र बसतानाच कळते. चाकांना खालीवर व्हायला जास्त जागा हवी, म्हणून सगळी गाडी उंच झाली. स्पीडच्या बैठकीची उंची ७९० मिमी. आहे, स्क्रॅम्बलरच्या ८३५ मिमी. बुटक्या स्वाराची फक्त चवड्याची बोटे टेकतात. सपाट रस्त्यावर याचे काही वाटत नाही. पण उतरत्या, निसरड्या वाटेवर गाडी थांबली आणि पाय पुरला नाही, तर सुमारे १८० किलो वजनाची गाडी एका पायावर सावरणे सोपे नसते. गाडी कलली की गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा टायरच्या टेकणीबाहेर जाते आणि गुरुत्वमध्य जितका उंच तितका कलंडवणारा जोर मोठा. म्हणून गाडी पारखताना माहितीपत्रकातल्या उंचीवर विसंबू नये. स्वतः बसून दोन्ही पाय टेकून पाहावेत.

उभे राहण्याचे रहस्य

कच्च्या वाटेवर स्वार फूटरेस्टवर उभे राहून गाडी चालवताना तुम्ही पाहिले असतील. ‘उभे राहिले की गुरुत्वमध्य खाली जातो’ असे पुष्कळदा सांगितले जाते. हे बरोबर आहे का? विचार करा. स्वाराचे शरीर तर वर गेले! तेव्हा गाडी आणि स्वार मिळून जो गुरुत्वमध्य, तो वरच जाणार. खरा फायदा वेगळा आहे. बसलेला स्वार गाडीला जणू खिळलेला असतो. गाडीचा प्रत्येक धक्का त्याच्या पाठीच्या कण्यापर्यंत जातो. उभ्या स्वाराचे गुडघे आणि घोटे आणखी एका शॉकॅब्सॉर्बरचे काम करतात. गाडी पायांखाली डावी-उजवी हलते, पण शरीर जवळजवळ स्थिर राहते. स्क्रॅम्बलरचे हँडल रुंद आणि उंच ठेवतात ते यासाठीच. उभे राहूनही ते हाती येते आणि तरफेचा हात लांब असल्यामुळे थोड्या जोरात चाक वळते.

सर्वांत महत्त्वाचे : थांबणे

गाडी किती वेगाने पळते हे सगळे विचारतात. किती अंतरात थांबते हे थोडेच विचारतात. ताशी ६० किमी. म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी १६.७ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतरचे अंतर घर्षणांकावर ठरते. कोरड्या डांबरावर तो ०.८ धरला तर आणखी सुमारे १८ मीटर लागतात. सुट्या मुरमावर ०.४ धरला तर सुमारे ३५ मीटर. एकूण ३५ मीटरांऐवजी ५२ मीटर! या जादा १७ मीटरांत एखादे गुरू आडवे आलेले असू शकते, किंवा शाळेतून परतणारी मुले. आणि अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून मुरमावर वेग अर्ध्यावर आणणे हाच सर्वांत चांगला ब्रेक.

चाक पूर्ण अडकून घसरू नये म्हणून अशा गाड्यांना एबीएस ही यंत्रणा असते. ती ब्रेक सेकंदात कित्येक वेळा सोडते व धरते. स्क्रॅम्बलरमध्ये मात्र ती बंद करण्याची सोय दिली आहे. सुरक्षिततेचे साधन बंद कशाला करायचे? कारण सुट्या खडीत अडकलेले चाक आपल्यापुढे खडीचा ढीग लोटते आणि तो ढीगच गाडीला अडवतो. एबीएस चाकाला फिरते ठेवत असल्याने तेथे कधीकधी थांबण्याचे अंतर उलट वाढते. पण पुढचे चाक अडकले की वळण्याची ताकद जाते आणि गाडी आडवी होते. म्हणून ही सोय फक्त सरावलेल्या स्वारासाठी आणि फक्त कच्च्या वाटेसाठी. डांबरावर येताच एबीएस चालू केलेच पाहिजे.

टायरचीही अशीच दुहेरी गोष्ट. ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर मातीत रुततो आणि पकड घेतो. पण डांबरावर ठोकळ्यांमधल्या खाचांमुळे रबर कमी टेकते आणि आवाजही होतो. स्क्रॅम्बलरच्या टायरची नक्षी मधली असते. चिखलात ती खास माळावरच्या टायरची बरोबरी करणार नाही.

निकाल काय द्यायचा?

मोटोक्रॉसच्या शर्यतीतली मोटारसायकल साधारण ११० किलोंची असते. आपली स्क्रॅम्बलर त्यापेक्षा कितीतरी जड. तिची चाकेही ओतीव मिश्रधातूची. त्यांत ट्यूब नसलेला टायर बसतो, त्यामुळे पंक्चर जागेवर काढता येते. पण मोठ्या दगडाचा तडाखा तारांचे चाक जसे लवून सोसते तसे ओतीव चाक सोसत नाही, त्याला तडा जाऊ शकतो. तेव्हा उंच उड्या मारणे, नदीच्या पात्रातल्या धोंड्यांतून जाणे हे तिचे काम नव्हे. गावाकडचा खडीचा रस्ता, शेताची वाट, घाटातला उखडलेला भाग, आणि तेथवर पोचण्यासाठी शेदोनशे किलोमीटरांचा डांबरी प्रवास हे काम ती चांगले करील. ज्याला वर्षभर शहरातच फिरायचे आहे, त्याने उंच बैठक आणि नऊ किलो जादा वजन विकत घेण्यात अर्थ नाही. त्याला बहीण बरी.

तुमच्या घरी नवी गाडी घेण्याची चर्चा चालली असेल, तर वडिलांना किंवा काकांना चार प्रश्न जरूर विचारा : रोजची वाट कशी आहे? पाय टेकतात का? कमी फेऱ्यांना एंजिन कसे ओढते? आणि थांबायला किती अंतर लागते? गाडी चालवण्याची घाई मात्र करू नका. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. २०१९ च्या कायद्यातील दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. तोवर करण्यासारखे एक काम आहे.

करून पहा : डब्यांची दोन गोल झाकणे घ्या, एक लहान, एक मोठे. प्रत्येकाच्या मध्याला भोक पाडून सळई ओवा आणि सळईला दोरा बांधा. मोठ्याइतकेच वजन व्हावे म्हणून लहान झाकणाच्या सळईला चिकणमाती लावा. टेबलावर पेन्सिल पक्की चिकटवा. झाकण पेन्सिलीला टेकवून दोरा टेबलाच्या कडेवरून खाली सोडा आणि टोकाच्या कागदी डबीत एकेक नाणे टाका. कोणते झाकण कमी नाण्यांत पेन्सिलीवर चढते? मग पेन्सिलीच्या जागी जाड खडू ठेवा. आकडे वहीत लिहा आणि वर्गात गुरुजींना दाखवा.