उन्हाळी सुटीचे रंगीत ताट

परीक्षा संपतात, शाळांना कुलपे लागतात आणि बदलीच्या गावी विखुरलेली मंडळी पुन्हा एका छपराखाली जमू लागतात. देशभर शाखा असलेल्या बँकेच्या परिवारात हे दृश्य दरवर्षीचेच. कोणी सुरतेहून येतो, कोणी कोलकात्याहून, कोणी जम्मूहून. आणि रिकाम्या हाताने सहसा कोणी येत नाही. या पिशव्यांमधून जे बाहेर पडते, त्यातून दुपारच्या खाण्यासाठी एक देखणे ताट मांडता येते : ऋतूची फळे आणि त्यांच्या सोबतीला आपल्याच देशात घडलेले चीज.

चीज म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वेष्टनातली पिवळी वडी येते. वस्तुतः या पदार्थाची आपल्याकडची घराणी जुनी आणि निरनिराळी आहेत. हुगळीच्या काठी बंडेल येथे एकेकाळी पोर्तुगीजांची वसाहत होती. त्या गावाचे नाव लावणाऱ्या चीजच्या लहान, खारट चकत्या कोलकात्याच्या न्यू मार्केटमध्ये साध्या आणि धुरी दिलेल्या अशा दोन प्रकारांत मिळतात. त्या थोडा वेळ पाण्यात भिजवल्या की खारटपणा उतरतो. उधमपूरची कलाडी तव्यावर टाकावी. ती स्वतःच्याच स्निग्धांशात खरपूस होते आणि मोडताना तिला लांब तार सुटते. सुरतचे टोपली पनीर याहून अगदी वेगळे. पारशी मेजवान्यांत मान असलेले हे पनीर छोट्या टोपल्यांत निथळवतात आणि निवळीत ठेवतात. टोपलीची वीण त्याच्या अंगावर तशीच उमटलेली असते. कालिंपाँगला स्विस मिशनऱ्यांनी सुरू केलेल्या दुग्धशाळेमुळे तिथल्या टणक, किंचित आंबूस चीजचे नाव झाले. यांपैकी काहीच हाती न लागले, तर कोपऱ्यावरच्या दुकानातले साधे चीज आणि घरचे ताजे पनीर यांवरही काम उत्तम भागते.

जोड्या जुळवताना एकच सूत्र सांभाळावे : खारटाला रसाळ आणि मऊला गोड. बंडेलच्या चुऱ्याबरोबर गार कलिंगड बहारीचे लागते. टोपली पनीरला हापूस किंवा गीरच्या केसरची फोड आणि वर चिमूटभर मिरपूड पुरे. गरम कलाडीजवळ हिमाचलची चेरी ठेवावी. ताडगोळे मात्र एकटेच ठेवावेत. त्यांची नाजूक चव कोणत्याही चीजपुढे टिकत नाही. करवंदे मिळाली तर रंगासाठी तरी हवीतच. कुरकुरीत काही हवे म्हणून बिस्किटांऐवजी खाकरा किंवा थालीपिठाचे कोरडे तुकडे द्यावेत, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे.

आता घरातील ज्येष्ठांचा आक्षेप. ‘दूध आणि फळ एकत्र नको’ हे वाक्य आजीच्या तोंडून हमखास येणार. त्यामागे परंपरा आहे; आंबट फळे आणि दूध यांचा संयोग चरकसंहितेने विरुद्ध आहारात गणला आहे. आम्रखंडाचा दाखला देऊन वाद जिंकता येईल, पण सुटीतली दुपार त्यासाठी नसते. आजीसाठी आंब्याची वाटी वेगळी काढावी. शिवाय एका बाबतीत आजीचा सावधपणा स्वयंपाकघरातही खरा ठरतो. ताज्या अननसातील ब्रोमेलेन हे विकर दुधातील प्रथिनांचे विघटन करते, त्यामुळे पनीरला चिकटून राहिलेल्या अननसाच्या फोडीने ते थोड्या वेळात कडवट होते. किवीचेही तसेच. ही दोन्ही फळे ताटात स्वतंत्र वाटीत असावीत.

पाहुण्यांत कडक शाकाहारी कोणी असेल, तर चीज कशाने विरजले आहे ते पाहणे अगत्याचे. काही परदेशी प्रकारांत वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात. वेष्टनावरील हिरवी खूण पाहूनच खरेदी करावी आणि सुटे चीज घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारावे.

लिचीबाबत एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. बिहारमधील मुझफ्फरपूर परिसरात मुलांना उन्हाळ्यात होणाऱ्या मेंदूच्या आजाराचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लिचीतील काही नैसर्गिक द्रव्ये आणि रात्रीचे जेवण न घेता झोपणे यांचा त्या आजाराशी संबंध त्यात दिसून आला. अशा मुलांच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जात होती. पोटभर जेवणाऱ्या मुलांनी चार लिच्या खाण्यात भीती नाही. परंतु दिवसभर खेळून उपाशीपोटी लिचीच्या जुडीवर बसणाऱ्या बालसेनेला आधी जेवू घालावे आणि कच्ची लिची कोणालाच देऊ नये.

मांडणीसाठी मोठी परात आणि तीवर केळीचे पान यापरते सुंदर काही नाही. परात पितळेची असेल तर कल्हई शाबूत आहे ना, ते पाहावे. फळे धुऊन पूर्ण कोरडी करावीत, नाहीतर पाण्याने चीज लिबलिबीत होते. टणक चीज खाण्याआधी पंधरावीस मिनिटे बाहेर काढले की त्याचा स्वाद खुलतो. पनीर मात्र अगदी शेवटी मांडावे. आंबाही वाढण्याच्या वेळीच चिरावा. आठ माणसांना पाव किलो चीज आणि दीड-दोन किलो फळे पुरतात. नागपूर-अकोल्याच्या उन्हात परातीखाली बर्फाची दुसरी परात हवी. चिरलेली फळे आणि पनीर दोन तासांपेक्षा अधिक, आणि कडक उकाड्यात तासाभरापेक्षा अधिक, बाहेर ठेवू नये.

कलाडीचे आणि टणक चीजचे जे तुकडे वेळेत फ्रिजमध्ये गेले असतील, ते दुसऱ्या दिवशी किसून थालीपिठाच्या पिठात मळावेत. मुले ताटाभोवती पुन्हा जमतील आणि या वेळी फळांकडे ढुंकूनही पाहणार नाहीत.